ओल्या गाठींची दोरी

त्या दिवशी नाल्यात आमी इतके जण व्हतो. मी सरूबाई, माझी सून वनिता, शेजारची गयाबाई, वरल्या शिवाराचे माणिकराव आन् त्यांचा ट्रॅक्टर चालवणारा किसन. इद्यापीठाच्या मॅडम बी यायच्या व्हत्या. पावसाळा सरला की सिमिटाच्या रिकाम्या पोत्यात माती भरून नाल्यात बांध घालायचा, आन् पयलं पोतं मॅडमनं ठेवायचं, असं आमचं ठरल्यालं. डोंगरकड्याकडून येणारी गाडी फाट्यावर थांबायची, तिथून त्या पायी यायच्या. म्हणून आमी पोती भरून ठेवली, पण एक बी खाली ठेवलं न्हाई. गयाबाई सारखी रस्त्याकडं बघून राहिली व्हती. तेवढ्यात वनिताचा फोन वाजला. फोन रेहानाचा व्हता, मॅडमजवळ शिकलेली पोरगी. वनितानं कानाला लावला, निसतं ऐकलं. मंग माझ्याकडं बघून म्हणली, "आत्या, मॅडम गेल्या."

किसननं ट्रॅक्टर बंद केला. नाल्याच्या पाण्याचा तेवढा आवाज राहिला. माणिकरावांनी डोक्याची टोपी काढली आन् म्हणले, "आज काम बंद ठेवा. मोठं माणूस गेलं." मी पाण्याकडं बघितलं. ते चाललंच व्हतं, आमच्या समोरून, खाली खाली. मी म्हणलं, "पाणी सुतक पाळत न्हाई, माणिकराव. पोती ठेवा." ते म्हणले, "लई दगडाची बाई हायेस तू." मी म्हणलं, "हाय." मंग पयलं पोतं मी ठेवलं आन् दुसरं त्यांनी. दिस मावळंस्तोर आमी एकमेकाकडं बघितलं न्हाई.

आता त्याला काई हप्ते झाले. वनिता म्हणते, आत्या तुमी सांगा, मी लिहिते, पेपरच्या पुरवणीत धाडू. मला सही करता येते, त्याच्या पुढं काई न्हाई. म्हणून हे सांगून राहिले आन् ती लिहून राहिली.

मॅडम इद्यापीठात शिकवायच्या. काय शिकवायच्या ते मी एकदा इचारलं, तर म्हणल्या, "मावशी, आपण वापरलं तरी नातवंडांना उरलं पाहिजे, त्याचा अभ्यास." वनिता म्हणते त्याला शाश्वत विकास म्हणतेत. त्यांच्या वर्गात एका इषयाचे पोरं नसायचे. एक खडकाचं शिकल्यालं, एक झाडापाल्याचं, एक बाजारभावाचं, एक माणसाच्या चालीरीतीचं. सगळे एकाच गाडीत कोंबून आणायच्या आन् आमच्या गावात आठ आठ दिस ठेवायच्या. त्यांची रीत उलटी व्हती. ज्याला जे येत न्हाई, ते काम त्याला द्यायच्या. खडकवाल्या पोराला बायांच्या घोळक्यात बसवायच्या आन् इचारायला लावायच्या, पाणी भरायला कोण जातं, काहून जातं. ते पोरगं लाजून लाल व्हायचं. गयाबाई त्याला म्हणायची, "बाबा, दगडाशी बोलतूस तसंच बोल, आमी बी तशाच हाव." आन् चालीरीतीवाल्या पोरीला कमरंला दोर बांधून हिरीत उतरवायच्या. पोरं वर येऊन भांडायचे. मॅडम हसायच्या न्हाईत. निसत्या म्हणायच्या, "आता एकमेकाला सांगा काय दिसलं."

माझी आन् त्यांची पयली भेट मातर भांडणातच झाली. आमचं दोन एकर रान नाल्याकाठी हाय. तिथली हीर माझ्या मालकानं सोता खंदली. उन्हाळ्यामागून उन्हाळे ते खाली पहार मारायचे आन् मी वर टोपलं वढायचे. लेकरू बाभळीच्या झोळीत. खडक लागला की सुरुंग लावायचा, धुराळा बसंस्तोर थांबायचं. ते थांबायचे न्हाईत. पाणी लागलं त्या दिशी खालून वरडले, "सरू, पाय भिजले!" त्या धुराळ्यानंच पुढं छाती गेली त्यांची. ज्या लेकराला झोळीत घालत व्हते ते मोठं झालं, वनिताचा नवरा झालं, लांब कामाला गेलं आन् तिकडंच सरलं... ते सोडा. घरात दोघी राहिलो. आमाला राखणारी म्हणजे ती हीर. दोन एकर हळद तिच्यावर.

तर एक दिस मी रानात गेले तर काय, एक बाई आन् एक पोरगी हिरीत वाकून टेप सोडून राहिल्या. मी लांबूनच वरडले, "कोण गं तुमी? काहून डोकावता?" ती पोरगी म्हणजे रेहाना. घाबरली. मॅडम म्हणल्या, "पाणी किती आहे ते मोजतो आहोत, मावशी." माझं डोकंच फिरलं. आमच्या वस्तीत हिरीचं पाणी मापत न्हाईत. खळ्यावर रास पडली की तिच्यापाशी कोणी बोलत न्हाई, किती पोती व्हईल ते तोंडातून काढत न्हाई, तसंच पाण्याचं. आकडा बोलला की बरकत जाते, असं मालक म्हणायचे, त्यांच्या आधी त्यांची माय म्हणायची. मी ते सांगितलं. मला वाटलं शिकल्याली बाई हाय, हसंल. न्हाई हसल्या. टेप गुंडाळला आन् म्हणल्या, "मग आज नाही मोजत." बाभळीखाली बसल्या, माझ्याशी हळदीचं बोलल्या आन् गेल्या. परत आल्या, तवा बी निसत्या बसल्या. त्याच्या पुढच्या खेपंला इचारलं, "मावशी, आकडा तोंडातून काढायचा नाही, एवढंच ना? दोरी सोडायला हरकत नाही?" मी इचार केला. दोरी तर आपून पोहऱ्याला रोजच सोडतो.

मंग मीच आमच्या ताजव्याचं लोखंडी माप काढलं, सुताच्या दोरीला बांधलं, हाताहातावर गाठी मारल्या. माप तळाला टेकवायचं, दोरी वर वढायची, जितक्या गाठी वल्ल्या तितकी बोटं वर करायची. तोंड बंद. त्या दिवसापास्नं आमच्या शिवारात सगळ्या हिरीवर तसंच झालं. इद्यापीठाचे पोरं, एरवी चिमण्यांसारखे कलकल करणारे, हिरीवर आले की मुके व्हायचे. बोटं वर करायचे, दुसरं लांबून बघून लिहून घ्यायचं. गावातले टवाळ म्हणायचे, "मुक्याचं इद्यापीठ आलं रे."

आता खरी तकलीफ सांगते. माझी हीर आटायला लागली व्हती. आधी उन्हाळ्यात बी पाणी असायचं. आता थंडी सरायच्या आधीच तळ दिसायचा, आन् हळद तर अजून जमिनीत. कंद पोसायच्या टायमाला पाणी न्हाई. एक साल हळद निघाली ती बोटाएवढी. मला पक्कं ठावं व्हतं काहून आटली. माणिकरावांनी वरल्या अंगाला बोअर पाडला त्याच सालापास्नं. सगळ्या गावात मी तेच सांगायचे. माणिकराव मोठे जमीनदार, आमी नाल्याकाठचे बौद्धवाड्यातले. तोंडावर कोण बोलणार? मी बोलायचे. "चोर हायेत ते, जमिनीच्या पोटातून माझं पाणी वढून राहिलेत." ते रस्त्यानं चालले की मी पाठ करायचे, आन् ते मोठ्यानं खाकरायचे. एकदा दोन वस्त्यांचे पोरं काठ्या घेऊन समोरासमोर आले, तवा गयाबाई मधी पडली म्हणून निभावलं.

मॅडमला मी म्हणलं, "तुमी शिकल्या हाव, तुमी सांगा गावाला." त्या म्हणल्या, "मला अजून माहीत नाही, मावशी. पण बघता येईल." एक दिसभर सगळ्या शिवारातल्या मोटारी बंद ठेवायच्या, एकट्या माणिकरावांचा बोअर चालू ठेवायचा, आन् माझ्या हिरीत दोरी सोडत राहायचं. पाणी उतरलं तर बोअर वढतो. सोपं वाटतं ऐकायला. पण उभ्या पिकावर कोण मोटार बंद ठेवतं? केळीवाले म्हणले आमचे घड वाळतील. कोणी म्हणलं, चोरून चालू करतील. माणिकराव म्हणले, "ती म्हातारी तिच्याच हिरीवर बसणार, खोटी बोटं दाखवंल, मंग मी काय करू?" मी म्हणलं, "आन् तुमी बोअर हळूच बंद केला मंग?" पारावर जमल्याले सगळे एकदम बोलायला लागले. मॅडमनं सगळ्यास्नी बोलू दिलं आन् मंग म्हणल्या, "माणिकराव मावशींच्या विहिरीवर बसतील. मावशी त्यांच्या बोअरवर." माणिकराव हसले. "म्हंजे बौद्धवाड्याच्या हिरीवर मी दोरी वढत बसू?" मॅडम म्हणल्या, "हो. आणि तुमच्या बोअरवर मावशी राखण करतील."

त्या दिवशी सकाळीच मी बोअरपाशी जाऊन बसले. वनितानं भाकर बांधून दिली, ती सोडली बी न्हाई. त्यांच्या घरची एक सूनबाई पाणी घेऊन आली, ते मी घेतलं न्हाई. मोटार घरघर करून राहिली, पाणी पाटानं पळून राहिलं. तिथून माझी हीर दिसते. हिरीच्या काठावर माणिकराव, मधल्या बांधावर मॅडम आन् रेहाना. सगळ्या शिवारात एक मोटार सोडून आवाज न्हाई. माणिकरावांनी दोरी सोडली, वढली, हात वर केला. चार बोटं. ते पाणी कवाच सरलं, म्हणून आज त्याचा आकडा बोलते. मला लांबून बी बराबर दिसलं. मी मनात म्हणलं, आता बघा. ऊन वर आलं. परत हात वर केला. चार. मी उभी राहिले. मोटार चालूच. वाटलं खोटं करून राहिलेत, म्हणून मी बांधावर उभ्या मॅडमकडं बघितलं. मॅडमनं रेहानाला हिरीवर धाडलं. रेहानानं सोता दोरी हातात घेतली, वढली, गाठी बघितल्या, आन् माझ्याकडं तोंड करून हात वर केला. चार. दुपार कलली, गुरं घराकडं वळली, मोटार दिसभर धापा टाकून राहिली, आन् माझ्या हिरीतल्या चार गाठीच्या चार वल्ल्याच. एक बी गाठ कोरडी झाली न्हाई.

सगळे हिरीवर जमा झाले. मॅडमनं माझ्याकडं बघून सगळ्यांपुढं सांगितलं, "मावशी, माणिकरावांचा बोअर तुमचं पाणी ओढत नाही. बोअरचं पाणी खालच्या खडकातलं आहे, तुमच्या विहिरीचं वरच्या मुरुमातलं. दोन्हींची गाठ पडत नाही." माणिकराव काई बोलले न्हाईत, निसते माझ्याकडं बघून राहिले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. मी मॅडमला म्हणलं, "तुमी काल त्यांच्या वाड्यात चहा पिल्या. आज कळलं काहून पिल्या." रेहाना रडायला लागली. मॅडमचं तोंड एवढंसं झालं, पण म्हणल्या, "तुमच्या घरी मी जेवलेय, मावशी. तरी हेच सांगितलं असतं." मी माप काढलं, दोरी गुंडाळली आन् घरी गेले. त्यास्नी परत रानात येऊ नका म्हणून सांगितलं.

त्या साली हळद आधीच्यापेक्षा बारकी निघाली. मी कोणाशी बोलले न्हाई. आता चोर बी राहिला न्हाई, निसती आटती हीर राहिली. वनिता म्हणायची, आत्या, वावर इकून टाकू, शहराकडं जाऊ, मी कुठं बी धुणंभांडी करंन. मी म्हणायचे, मालकानं छाती देऊन खंदली ती. पर आतून मला बी दिसत व्हतं, आता काई राहिलं न्हाई इथं.

आन् एक दिस मॅडम एकट्याच आल्या. फाट्यापास्नं पायी. बांधावर उभ्या राहिल्या, रानात पाय टाकला न्हाई. म्हणल्या, "येऊ का?" मी खाली बघून खुरपत राहिले. "मावशी, बोअर नाही हे कळलं. पण विहीर का आटते ते मला कळलं नाही, त्यानं झोप लागत नाही मला. बोअर सोडून त्या साली अजून काय झालं होतं?" मी म्हणलं काई न्हाई झालं, नाला खोल केला तेवढाच. ते आमच्या गावाचं मोठं काम व्हतं. जेसीबी आल्ता, हार घातला, माणिकरावांनी नारळ फोडला, जेसीबीवाल्याला भाकर मी घातली. नाला खोल केला म्हणजे पाणी साठंल, हिरी भरतील, असं सगळे म्हणायचे. सायबाशी हात मिळवताना माणिकरावांचा फोटो पेपरात आल्ता.

मॅडम तशाच नाल्यात उतरल्या. चप्पल हातात. माझ्या हिरीच्या अंगाच्या दरडीला हात लावत लावत चालल्या. एका जागी थांबल्या आन् मला हाक मारली. मी उतरले. म्हणल्या, "हात लावा." दुसऱ्या अंगाची दरड वाळून पांढरी पडल्याली, आन् हिरीच्या अंगाची काळी, वल्ली, थंडगार. मुरुमातून थेंब थेंब पाझरून राहिला, खाली बारीक धार, धारंचं पाणी नाल्यानं पुढं चाललेलं. नाला हिरीतल्या पाण्यापेक्षा खाली गेल्ता. माझी हीर कोणी वढत नव्हतं, ती आपली आपण नाल्यात वाहून जाऊन राहिली व्हती. मी तिथंच बसले. मालक खालून वरडले व्हते ते कानात आलं, पाय भिजले... आन् इथं भिजल्याले पाय माझे.

गावाला सांगायचं कसं? ज्या कामाचा हार घातला ते काम नडलं म्हणायचं? पारावर बैठक झाली तवा माणिकराव तापले. "आधी खंदा म्हणायचं, मंग बुजवा म्हणायचं! येडं समजता का गावाला?" एक जण म्हणला, फोटो काढताना तर सगळेच पुढं व्हते. दोन चार पोरं उठून उभे राहिले, मला वाटलं आता मॅडमला गावाबाहेर काढतेत. मॅडम उठल्या. "या नाल्याचे फोटो मी माझ्या वर्गात दाखवलेत. चांगलं काम म्हणून. दरवर्षी. मी पण मोजलं नव्हतं. चूक माझीही आहे, आणि ती मी वर्गात सांगितली आहे, म्हणून इथं सांगायला आले." एवढं शिकल्यालं माणूस पारावर उभं राहून चूक म्हणतं, हे आमी बघितलं नव्हतं. मंग मी उठले. म्हणलं, "माणिकराव, मी तुमाला चोर म्हणलं. तुमी चोर न्हाई, हे माझ्या हिरीवर तुमीच बोटं वर करून दाखवलं. मी मानलं. आता हे तुमी माना." माणिकराव म्हणले, "मानतो. पर काळी माती माझ्याच रानातली न्यायची, म्हंजे मरंस्तोर तुला उपकार ऐकवता येतील." पार हसला. मी हसले न्हाई, पण माती घेतली.

हिरीच्या अंगाच्या दरडीला काळी माती चोपली आन् खाली पोत्यांचा बांध घातला. नाल्यात पाणी उभं राहिलं की हिरीतलं भाईर पळत न्हाई, एवढंच शास्त्र. रेहाना, ते खडकवालं पोरगं, गयाबाई, वनिता, सगळे चिखलात. त्या साली हळद निघंस्तोर पाणी टिकलं. कंद पोसले. आन् मॅडमनं एक नेम घालून दिला, दर पुनवंला माणिकराव माझ्या हिरीत दोरी सोडतील आन् मी त्यांच्या जुन्या हिरीत. सोताच्या हिरीवर कोणी बसायचं न्हाई. मॅडम गावात असल्या की बांधावर उभ्या राहून बोटं बघायच्या. नसल्या की फोनवर आकडा बोलायचा न्हाई, म्हणून वनिता बोटांचा फोटो काढून रेहानाला धाडते.

मॅडम शेवटच्या आल्या त्या ह्या उन्हाळ्यात. रेहाना गाडी घेऊन आल्ती. मॅडमच्या डोक्याला रुमाल, आन् हात काटकीसारखे. मी इचारलं न्हाई. ज्याला सांगायचं असतं ते सांगतं. हिरीच्या काठावर बसल्या, वाकता येत नव्हतं. म्हणल्या, "मावशी, आज नेम मोडा. तुम्हीच सोडा दोरी, मला ऐकू द्या." मी माप सोडलं. गुब्ब झालं. मॅडमनं डोळे मिटले. मी दोरी वढली, वल्ल्या गाठी बघितल्या आन् बोटं वर केली. एक हात पुरला न्हाई, दुसरा बी वर करावा लागला. भर उन्हाळ्यात. त्या हळूच म्हणल्या, "मोठ्यानं म्हणू का?" मी म्हणलं, "नका." मंग मी दोरी गुंडाळली. जाताना म्हणल्या, "बांधाला येते." मी म्हणलं, "या. पोती भरून ठेवते."

पोती भरून ठेवली व्हती...

त्या गेल्यावर पुनव आली. मला वाटलं माणिकराव येणार न्हाईत. आले. खुंटीवरून दोरी काढली, माप सोडलं, वढलं, गाठी बघितल्या. आन् सवयीनं बांधाकडं तोंड करून हात वर केला, जिथं मॅडम उभ्या राहायच्या. बांधावर कोणी नव्हतं. हात तसाच वर धरून उभे राहिले. खाली घेतला न्हाई. वनिता फोन काढायची इसरली. शेवटी मीच बांधावर जाऊन उभी राहिले आन् मान हलवली, दिसलं म्हणून. तवा त्यांनी हात खाली घेतला.

दोरी वाळायला टाकली हाय, आज बी खुंटीलाच हाय. वाचणाराला माझं एवढंच मागणं हाय. तुमच्या गावात परक्या पोरी पोरं हिरीत डोकावून राहिले तर त्यास्नी हाकलू नका. आकडा बोलू नका म्हणा, पण दोरी त्यांच्या हातात द्या. आन् ज्याच्यावर तुमचा संशय हाय त्याला एकदा तुमच्या हिरीवर बसवा, आन् तुमी त्याच्या हिरीवर जाऊन बसा.